आंधळ्या खिडकीतला हात

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे, आणि माझ्यातून आजवर कुणीही बाहेर पाहिलेले नाही. हसू नका. मी खोटी खिडकी आहे.

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या टेकड्यांत ॲशकोम नावाची दगडी हवेली बांधली गेली. दाराच्या डावीकडे जितक्या खिडक्या, तितक्याच उजवीकडे हव्यात, असा ती बांधणाऱ्याचा हट्ट होता. पण उजव्या टोकाला आतून नोकरांचा जिना जात होता. तिथून चढणाऱ्या मोलकरणी बागेतल्या पाहुण्यांना दिसणे म्हणजे घराची शोभाच गेली! मग गवंड्यांनी माझी सुरेख दगडी चौकट घडवली, आत विटा भरल्या आणि वर काळ्या रंगाने काचा रंगवल्या. बागेतून लोक म्हणत, "वा! काय डौल आहे!" मीही फुगून जायची.

माझ्या पाठीशी मात्र मिट्ट काळोख होता. हेस्टर नावाची मोलकरीण रोज सकाळी दोन्ही हातांत गरम पाण्याचे पितळी डबे घेऊन तो अरुंद जिना चढायची. एकदा पाणी सांडून तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर भाजल्याचा अर्धगोल डाग पडला होता. पायऱ्या मधोमध झिजल्या होत्या.

एकदा धुराडे दुरुस्त करायला गवंडी आला, तेव्हा तिने धीर करून मालकांना, सर ॲम्ब्रोजना, विचारलेच.

"साहेब, जिन्यात खिडकी फोडून द्याल का? पायरी दिसत नाही."

"मेणबत्ती घेऊन जात जा की."

"दोन्ही हातांत डबे असतात, साहेब. मेणबत्ती काय दातांत धरू?"

गवंडी खुदकन हसला. "एका दुपारचं काम आहे, मालक. विटांचा एकच थर आहे."

"आणि मग बागेत चहा पिताना लोकांनी हिचे डबे बघायचे का?" सर ॲम्ब्रोज कडाडले. विषय तिथेच मिटला. आपल्या विटा ढासळाव्यात असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. पण भिंतीचे कोण ऐकतो?

त्याच हिवाळ्यात हेस्टरचा पाय घसरला. मी तिची किंकाळी ऐकली, मग डबे गडगडत गेल्याचा आवाज. ती वाचली नाही. त्या सकाळी पाहुण्यांना पाणी उशिरा मिळाले, म्हणून बाईसाहेबांनी त्यांची माफी मागितली.

वसंतात घरात लग्न निघाले. माझा रंग उडाला होता, म्हणून गावातल्या जोनस रंगाऱ्याला बोलावले.

"जरासा सरकवलेला पडदा रंगव," बाईसाहेब म्हणाल्या. "आत कुणी राहतंय असं वाटलं पाहिजे."

"वाटेल, बाईसाहेब."

त्याने पडदा रंगवला आणि पडद्याची कड धरलेला एक हातही. बाईसाहेब खूश झाल्या. "अगदी नवरीची मैत्रीण डोकावतेय जणू!" लग्नाच्या दिवशी पाहुणे माझ्याकडे बघून हात हलवत होते, हसत होते.

हेस्टरची धाकटी बहीण डोर्कस तिथेच धुणी धुवायची. रंगकाम संपले त्याच संध्याकाळी चादरी घेऊन बागेतून जाताना ती माझ्याखाली थबकली होती. त्या हाताच्या पाठीवर एक अर्धगोल डाग होता.

"जोनस, हा डाग..."

शिडी आवरणारा जोनस खाली मान घालून म्हणाला, "तिचाच आहे. भिंत फोडायची मला परवानगी नव्हती गं. रंगवायचीच होती."

डोर्कसने ओल्या चादरीत तोंड खुपसले. मला रडता आले असते तर मीही रडले असते.

आता मालक गेले, हवेली बघायला तिकीट काढून लोक येतात. पडद्याचा रंग पार विटला, पण हात अजून ओळखू येतो. लोक त्याला हात हलवतात, फोटो काढतात. नोकरांचा जिना कुणी दाखवत नाही.

मित्रांनो, सुंदर घर बघायला गेलात, तर त्याच्या पाठीमागची बाजूही बघा. आणि तुमच्या घरात राबणाऱ्या कुणी उजेड मागितला, तर त्याला मेणबत्ती सांगू नका. माझ्यामागे अजून काळोखच आहे. विटांचा तो एकच थर अजून तसाच आहे.