रेनविकने मत दिलं नाही

मत देणं पाप आहे म्हणून चर्चच्या ज्या मंडळीने माझ्या नवऱ्याला चारचौघांत उभं केलं, त्याच मंडळीच्या दारात यंदा निवडणुकीचे कागद वाटले जात होते. तेही रविवारी. आणि वाटत कोण होता, तर माझा मुलगा एबेन. उमेदवारही तोच.

कॅन्ससच्या या कोपऱ्यात आमची माणसं आली तीच एक गोष्ट डोक्यात घेऊन. देव माणसाशी करार करतो तसा राष्ट्राशीही करतो, आणि या देशाच्या संविधानात ख्रिस्त राजाचं नावसुद्धा नाही. मग त्या संविधानाची शपथ घेणाऱ्याला मत देणारा त्याच्या पापात भागीदार. माझ्या आजोबांनी मत दिलं नाही, वडिलांनी दिलं नाही. शेजारचे मेथडिस्ट पंथाचे लोक आम्हाला हसायचे आणि आम्हाला त्याचाच अभिमान वाटायचा.

१९५० साली माझ्या नवऱ्याने, रेनविकने, मत दिलं. कारण एवढंच की ओढ्यावरचा पूल खचला होता, शाळेच्या मुलांची गाडी त्यात जाता जाता वाचली होती, आणि दोघांतला एकच उमेदवार पूल बांधतो म्हणत होता. एबेन तेव्हा तीन आठवड्यांचा. त्याच्या बाप्तिस्म्याचा दिवसही ठरला होता.

माझे वडील थॅडियस कॉल्टर मंडळीच्या पंचांत सगळ्यात जुने. तेच घरी येऊन म्हणाले, "बाप पश्चात्ताप करत नाही तोवर मुलाला बाप्तिस्मा, म्हणजे कराराची खूण, देता येणार नाही."

"बाळाने कुणाला मत दिलं, पप्पा?" मी विचारलं.

"तोंड सांभाळ, इझाबेल. करारात मुलं बापाबरोबर असतात. बाप आत तर आत, बाहेर तर बाहेर."

आठ महिने असे गेले. प्रभुभोजनाच्या दिवशी आम्ही दोघं मागच्या बाकावर, आणि भाकर आम्हाला न देता समोरून पुढे जायची. मी रेनविकच्या मागे लागले, रडले, अबोला धरला. शेवटी तो उपासनेत उभा राहिला. "मी चुकलो" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण अर्धवट काही करणं या माणसाला जमतच नाही. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "हे राष्ट्र ख्रिस्तापुढे गुडघे टेकत नाही तोवर मी पुन्हा मत देणार नाही. देव साक्षी." हे कुणी मागितलंच नव्हतं. पंच मात्र खूश झाले. एबेनच्या डोक्यावर पाणी पडलं आणि मला वाटलं, सुटले एकदाची.

पुढे सोळा वर्षांनी आमच्या पंथाच्या वरच्या सभेने ठरवलं की मत द्यायला हरकत नाही. माझ्या वडिलांनी ते पत्र सहभोजनाच्या सूचनेसारखं वाचून दाखवलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. रेनविककडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मला तेव्हा आलेला संताप अजून गेलेला नाही.

तेव्हापासून मी मत देते. रेनविक मला मतदान असतं त्या शाळेपर्यंत सोडतो आणि गाडीत बसून राहतो.

आता एबेन दुसऱ्यांदा विधानसभेला उभा होता. दारूबंदी, रविवारचा शब्बाथ पाळणं, शाळेतली प्रार्थना, त्याच्या प्रचारातला शब्द न् शब्द रेनविकला पटतो. मुलाच्या नावाच्या पाट्या त्यानेच रंगवल्या, त्यानेच कुंपणांवर ठोकल्या. पण गेल्या खेपेला एबेन नऊ मतांनी पडला होता, आणि ते नऊ त्याच्या घशात अडकले होते.

कागद वाटून झाल्यावर तो आमच्याकडे जेवायला आला. रविवारी आमच्याकडे चूल पेटत नाही, म्हणून शनिवारी शिजवलेलं मांस आणि थंड बटाटे.

"बाबा, मंगळवारी येणार ना?"

"आईला सोडायला येईन."

"किती हट्ट! मंडळीने कधीच मागे घेतलंय ते."

"मंडळीने तिचा ठराव मागे घेतला. माझं वचन मी मंडळीला दिलं नव्हतं."

"लोक तोंडावर विचारतात मला, बाप का नाही देत मत? काय सांगू?"

"सांग, बाप वेडा आहे." रेनविक हसला.

एबेन हसला नाही. आता तोही पंच आहे. तो काटा खाली ठेवून म्हणाला, "पंचांचं असं मत पडलं की उपासनेत जो पुढे उभा राहतो त्याने नागरिकाचं कर्तव्य टाळू नये. स्तोत्राचा सूर आता दुसरं कुणीतरी धरेल. तुम्ही जरा विसावा घ्या."

आमच्या उपासनेत वाद्य नसतं. तीस वर्षं प्रत्येक स्तोत्राचा पहिला सूर रेनविकने धरला होता.

"पंच म्हणतात की तू म्हणतोस?" मी विचारलं.

"मी त्यांच्यातच आहे, आई."

मग मला राहवलं नाही. त्याला कधीच न सांगितलेलं सगळं मी सांगून टाकलं: पूल, आठ महिने, माझं रडणं. "तुझा बाप्तिस्मा व्हावा म्हणून दिलेलं वचन आहे ते, गाढवा. माझ्या हट्टापायी दिलेलं."

एबेनने रुमालाने तोंड पुसलं. मग समजुतीच्या स्वरात म्हणाला, "पण आई, बाप्तिस्मा ही नुसती खूण असते. झाला नसता तरी देवाच्या करारात मी होतोच. बाबांनी उगाच घाई केली."

मी रेनविककडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"शिकवण बरोबर आहे त्याची," तो म्हणाला. "बटाटे घे अजून, एबेन."

त्या संध्याकाळच्या उपासनेत स्तोत्रं वॉलेस मॅकिल्वेनने धरली, तीही इतकी वर की बायकासुद्धा किंचाळत होत्या. रेनविक माझ्या शेजारी बसून खालच्या आवाजात गात राहिला.

मंगळवारी एबेन सहाशे मतांनी निवडून आला. रात्री त्याचा फोन आला. "बघितलंस आई, देवाने केलं! बाबांच्या मताची गरजच पडली नाही."

मी त्याचं अभिनंदन केलं. त्या दिवशी मीही मत द्यायला गेले नव्हते, हे काही त्याला सांगितलं नाही.