पाय टेकला की एक

इझिद्रेच्या मते सगळा दोष कार्बोरेटरचा होता. सलग तीन वर्षं ओढ्यातल्या त्याच खडकावर चढताना त्याचा डावा पाय टेकला होता, आणि तिन्ही वेळा गाडी ठसकली म्हणूनच टेकला, हे तो अख्ख्या गावाला सांगून चुकला होता. मोटरसायकलींच्या ट्रायल शर्यतीत वेगाला कोणी विचारत नाही. दगडधोंड्यांतून पाय न टेकता पार व्हायचं. टेकला की दंडाचा एक गुण. त्या ओढ्यावर पंच म्हणून वर्षानुवर्षं त्याची बायको रमेईच उभी राहायची. नवरा म्हणून तिने त्याला कधी सूट दिली नव्हती.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" पावावर टोमॅटो चोळता चोळता ती म्हणाली. "बदल एकदाचा तो कार्बोरेटर. त्यावरही पाय टेकला तर गाडी विकायची. खुबा बदललाय तुझा. तू ओढ्यात उतरलास की मला बघवत नाही."

"टेकला तर विकेन," इझिद्रे म्हणाला.

बोलून गेला खरा, पण रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. एकाहत्तर सालची ती गाडी त्याने लग्नाआधी घेतली होती. तिच्याशिवाय रविवारी करायचं तरी काय?

शेजारचा बालदिरी नवा कार्बोरेटर आणि जेटची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्यांची, डबी घेऊन गोठ्यात आला. नवा कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या जुन्या रबरात ढिला बसला, तेव्हा फटीतून हवा शिरू नये म्हणून बालदिरीने लेथवर एक रिंग कातून दिली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, पण हँडलची मूठ जरा पिळली की आ वासून गप्प.

"उपाशी आहे रे ती," बालदिरी म्हणाला. "पायलट जेट मोठा घाल."

मोठा घातला. ठसका गेला, पण मूठ आणखी पिळली की इंजिन फडफडायचं आणि धुराने गोठा भरून जायचा.

"आता अजीर्ण झालं! सुई एक खाच खाली घे. आणि खोकतोस काय म्हाताऱ्यासारखा?"

"म्हाताराच आहे मी."

"मग कार्बोरेटर कशाला बदलतोयस?"

इझिद्रेने सुई एक खाच खाली घेतली. मग दोघांनी गाडी डोंगरावर नेली, कारण शर्यत तिथे होती आणि वरच्या विरळ हवेत खालचं गणित चालत नाही. तिथे हवेचा स्क्रू थोडा उघडला आणि गाडी सांगितल्या कामाची झाली. मूठ पिळायचा अवकाश, इंजिन ओ द्यायचं.

शर्यतीच्या दिवशी इझिद्रे ओढ्यात उतरला तेव्हा रमेई काठावर भोकं पाडायचा चिमटा घेऊन उभी होती. गोटे पार झाले. खडक आला. त्याने मूठ पिळली, इंजिनाने मुकाट्याने चाक वर उचललं, कुठे ठसका नाही की अडखळ नाही. आणि तरीही त्याचा डावा पाय सुटला, क्षणभर दगडाला लागला आणि परत जागेवर आला.

काठावर येऊन त्याने वर पाहिलं. रमेईने मूठ वळून हात उंच धरला होता. मूठ म्हणजे शून्य.

तिने पाहिलं होतं. तिचे डोळे भरले होते, त्यावरूनच त्याला कळलं. आजवर कुणाला दिली नव्हती ती सूट आज तिने त्याला दिली होती. त्याला तिची माया कळली, आणि त्या मायेचीच जास्त लाज वाटली.

ती त्याच्या गुणांच्या कार्डावर भोक पाडणार तोच त्याने कार्ड मागे ओढलं.

"एक," तो म्हणाला.

"मला नाही दिसला पाय."

"रमेई, इंजिन ठसकलं नाही. पाय माझाच गेला. एक लाव."

मागचे स्वार ओरडायला लागले. रमेईने नाक पुसलं आणि एकाच्या चौकोनात भोक पाडलं.

"हळू जा," ती म्हणाली.

इझिद्रेने कार्ड खिशात घातलं आणि तो वरच्या वाटेला लागला. अजून चार टप्पे बाकी होते, आणि संध्याकाळपर्यंत गाडी त्याचीच होती.