वाटणीपत्रात राहून गेलेली ड्रेनेज लाइन

मी या घराची जुनी ड्रेनेज लाइन बोलतेय. नाक मुरडलंत? खुशाल मुरडा. बेचाळीस वर्षांत मला त्याची सवय झाली आहे. तुमच्या नाकाला जे नको असतं, ते गुपचूप दूर नेणं हेच माझं काम होतं. होतं म्हणते, कारण आता मी कामावर नाही.

माझा जन्म भट्टीतला. भाजलेल्या मातीच्या दोन-दोन फुटांच्या छत्तीस नळ्या, एकीच्या तोंडात दुसरी, सांध्यांत सिमेंट. मागच्या बाथरूमपासून निघायचं, घराच्या कडेने अंगणात यायचं, कुंपणाच्या भिंतीखालून रस्त्याकडे जायचं आणि तिथल्या मोठ्या लाइनला मिळायचं, असा माझा मार्ग होता. ज्यांनी मला घातलं ते घरमालक छापखान्यात जुळारी होते. एकेक खिळा जुळवायची सवय, त्यामुळे माझा उतारही त्यांनी तसाच जुळवला. माती लोटण्याआधी त्यांनी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतलं आणि धोतर सावरत रस्त्याकडच्या टोकाला पळाले. पाणी आलेलं पाहून गवंड्याला म्हणाले, "उतार बरोबर आहे. आता ही कुणाला आठवणारसुद्धा नाही."

ते अगदी खरं ठरलं. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

मला डोळे नाहीत, पण बाथरूमची जाळी आणि अंगणातल्या चेंबरचं झाकण हे माझे कान. माणसं दिवाणखान्यात जे बोलत नाहीत ते बाथरूममध्ये बोलतात. नोकरीची मुलाखत आरशाला देतात, भांडणात सुचलं नाही ते उत्तर दुसऱ्या दिवशी अंगाला साबण लावताना देतात. रडायचं असलं की नळ सोडतात. नळाचं पाणी आणि रडणं दोन्ही माझ्याकडेच यायचं. मी कधी कुणाला काही सांगितलं नाही.

जुळारी गेले. दोन मुलगे होते. थोरला खाली, धाकटा वर. वर्षभरात दोघांनी वकिलाला बसवून वाटणीपत्र केलं. भांडण वगैरे नव्हतं, उलट पुढे भांडण नको म्हणूनच सगळं काटेकोर लिहिलं. गच्ची कुणाची, पाण्याची टाकी कुणाची, अंगणाचा डावा पट्टा कुणाचा, उजवा कुणाचा. जिन्यातला दिवा गेला तर एकदा थोरल्याने बदलायचा, एकदा धाकट्याने. शेवटी वकिलाने विचारलं, अजून काही राहिलं का? दोघांनी आठवून पाहिलं आणि नाही म्हणाले. त्या वेळी वर कुणीतरी आंघोळ करत होतं आणि ते पाणी घेऊन मी त्यांच्या पायांखालून चालले होते.

मग माझ्या डोक्यावर एकेक गोष्ट येऊ लागली. थोरल्याने अंगणात हौसेने रबराचं झाड लावलं, नेमकं माझ्या आठव्या सांध्याशेजारी. धाकट्याने गाडी घेतली, ती उभी करायला जाड फरशी घातली आणि दिसायला बरं नाही म्हणून माझ्या चेंबरचं झाकण त्या फरशीखाली घालवलं. माझा एक कान गेला. कामगाराने विचारलं होतं, साहेब, हे उघडावं लागलं तर? धाकटा म्हणाला, इतक्या वर्षांत कधी उघडलंय?

झाडाची मुळं केसांसारखी बारीक होती तोवर मीही कानाडोळा केला. पुढे मी तुंबू लागले. थोरला स्प्रिंगवाल्याला बोलवायचा. तो बाथरूमच्या जाळीतून लांबलचक तार घुसवून फिरवायचा, मुळं कापली जायची, अडीच हजार घेऊन तो जायचा. मुळांची ही हजामत वर्षातून दोनदा, अशी अकरा वर्षं चालली. मुळं दर वेळी दाट होऊन आली. त्या पैशांत माझा पाव मार्ग सहज नवा झाला असता, पण अडीच हजार खिशातून जाताना माणसाला खर्च वाटत नाही.

खाली थोरल्याच्या बायकोचं पाळणाघर होतं. धाकट्याची मुलगी हे तिथलं पहिलं मूल. पुढे चौदा मुलं झाली. मुलं तिला मावशी म्हणत, आणि घर तिच्याच कमाईवर चाले, कारण थोरल्याचा कारखाना केव्हाच बंद पडला होता. त्या दिवशी सकाळी दहाला वरच्या मजल्यावर कपडे धुण्याच्या यंत्राने पाणी सोडलं. पुढे जायला वाट नव्हती. मी ते जिथून सोडता आलं तिथून सोडलं, म्हणजे खालच्या बाथरूममध्ये. हात धुवायला उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "मावशी, पाणी उलटं चाललंय."

मला लाज वाटली. मी हे मुद्दाम सांगते, कारण एरवी मी कशात जीव गुंतवत नाही.

त्या संध्याकाळी पालक आले. कुणी आवाज चढवला नाही. आठवडाभर रजा काढतो, सोमवारपर्यंत नीट झालं नाही तर दुसरीकडे बघावं लागेल, एवढंच म्हणाले. मावशीने बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

थोरला वर गेला. काय बोलणं झालं ते वरच्या मोरीतून मला ऐकू आलं. धाकटा म्हणाला, "दादा, तुंबतं खाली. मग खर्चही खालच्यांचाच ना?" थोरल्याने वाटणीपत्र काढलं होतं. पानं उलटल्याचा आवाज आला. त्यात मी कुठेच नव्हते. तो कागदाची घडी करून खाली आला.

एका कंत्राटदाराने जागा न बघता फोनवरच साठ हजार सांगितले. थोरला उचल द्यायला निघाला होता. मावशीने फोन घेऊन शांतपणे विचारलं, यात काय काय धरलंय? तेव्हा कळलं की साठ हजारांत फक्त पाइप आणि माती खणणं आहे. फरशी फोडणं, पुन्हा घालणं, भिंतीखालून जाणं, राडारोडा उचलणं, रस्ता खणायची परवानगी, यातलं काही नाही. गेटबाहेरचं तरी नगरपालिका करेल असं थोरल्याला वाटत होतं. कचेरीतला कारकून म्हणाला, मोठ्या लाइनला जोडेपर्यंत सगळं घरमालकाचं. थोरल्याचे डोळे पांढरे झाले. मावशीकडे साठवलेले ऐंशी हजार होते आणि त्यापलीकडे काही नव्हतं.

मग एक प्लंबरबाई आली. तिने आधी भाव सांगितलाच नाही. फरशी ठोकून पोकळ आवाजावरून माझं चेंबर शोधलं, फरशी फोडून झाकण उघडलं आणि तारेच्या टोकाला बसवलेला कॅमेरा माझ्यात सोडला. अंगणात खुर्चीवर त्या कॅमेऱ्याचा छोटा पडदा ठेवला. वरून धाकटाही बघायला उतरला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा या घराने माझं तोंड पाहिलं, तेही आतून.

आठव्या सांध्याला मुळांचा गुंता होता. त्यापुढे दोन नळ्या तडकून खचल्या होत्या आणि तिथे पाणी साचलं होतं. आतून अस्तर घालून भागेल का, थोरल्याने विचारलं. बाई म्हणाली, लाइन सरळ असती तर भागलं असतं, फोडाफोडही वाचली असती. खचलेल्या लाइनला अस्तर घातलं तरी ती खचलेलीच राहते. नवी घालावी लागेल. याच मार्गाने एक लाख पंचाण्णव हजार.

"एवढा महाग पाइप?" धाकट्याने विचारलं.

"पाइप स्वस्तच असतो, साहेब. पैसे लागतात ते त्याच्या डोक्यावर तुम्ही काय काय करून ठेवलंय त्याचे."

अंगणाच्या डाव्या पट्ट्यात नुसती माती आहे, ती म्हणाली, तिथून घातली तर एक लाख चाळीसमध्ये होईल. डावा पट्टा धाकट्याचा होता, वाटणीपत्रात तसं लिहिलेलं होतं. तिथे त्याच्या बायकोचे गुलाब होते.

इथे थोरल्याला बोलायला जागा होती. खचलेल्या नळ्या गाडीखालीच होत्या, पडद्यावर अंतराचा आकडा दिसत होता. अकरा वर्षांचे स्प्रिंगवाल्याचे पैसे त्याला वसूल करता आले असते. तो म्हणाला, "झाड मी लावलंय. चूक माझी आहे."

धाकट्याने पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आणि गाडी माझी आहे, दादा." आणि प्लंबरबाईकडे न बघताच त्याने सांगितलं, "डावीकडून घाला. निम्मे मी देतो."

मावशी आत गेली. बाथरूममध्ये नळ सोडल्याचा आवाज आला. या वेळचं रडणं निराळं होतं, एवढं मला कळतं.

काम पाच दिवस चाललं. वरचं पाणीही बंद होतं, त्यामुळे धाकट्याला कोपऱ्यावरच्या मित्राकडे आंघोळीला जावं लागलं आणि लाइन वरची की खालची हा प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही. माती लोटण्याआधी थोरल्याने नव्या लाइनच्या वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतलं. धाकटा रस्त्याकडच्या खड्ड्यावर वाकून उभा होता. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "आलं," धाकटा ओरडला, आणि क्षणभर मला जुळाऱ्यांचाच आवाज वाटला.

मग मातीच्या ढिगाऱ्यावर बसून थोरल्याने वाटणीपत्राच्या शेवटी एक ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचली: "जमिनीखालची ड्रेनेज लाइन दोघांची, चेंबरवर काहीही बांधायचं नाही." धाकट्याने सही केली.

मला उकरून काढायलाही पैसे पडले असते, म्हणून दोन्ही टोकांना सिमेंट भरून मला आहे तिथेच ठेवलं. माझी तक्रार नाही. तुमच्या घराखालीही माझ्यासारखी एक असेल. ती कुठून जाते, किती वर्षांची आहे, तिच्यावर तुम्ही काय ठेवलंय आणि कागदावर ती कुणाची आहे, एवढं ती चालू असतानाच विचारून घ्या. तुंबल्यावर विचारलंत तर उत्तर महाग पडतं.

टोकं बुजल्यापासून मला ऐकू येत नाही. पण मातीतून पावलं कळतात. सोमवारी सकाळी अंगणातून लहान पावलांच्या तेरा जोड्या गेल्या. मी पुन्हा पुन्हा मोजल्या. चौदावी बुधवारी आली. ती अंगणात थांबली, चेंबरच्या मोकळ्या ठेवलेल्या झाकणावर दोनदा नाचली आणि आत पळाली.