बिअरचा केग आणि ईराची आंघोळ

मी एक जुना केग आहे, मित्रांनो. केग म्हणजे बिअर भरायचे स्टीलचे पिंप. पन्नास लिटरचे पोट, वर धरायला दोन मुठी आणि कमरेला एक पोचा. नाक मुरडू नका. माझी गोष्ट आंघोळीची आहे, तुमच्या आईने ऐकली तरी चालेल.

बर्मिंगहॅमजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत मी कामाला लागलो. भरायचे, पबच्या तळघरात उतरवायचे, रिकामे करून परत आणायचे, यात बारा वर्षे गेली. वर माणसे हसायची, गायची. मला फक्त त्यांच्या बुटांचे आवाज यायचे. पुढे ब्रुअरी बंद पडली आणि मालकाने आम्हाला विकायला काढले. माझे बहुतेक भाऊ भंगारात गेले. मला परीक्षितने घेतले.

परीक्षित मूळचा पुण्याचा, इथे मोटारींचे सुटे भाग डिझाइन करायचा. त्याला घरी बिअर बनवायचा नाद होता आणि त्यासाठी मोठे भांडे हवे होते. त्याने माझ्यातला उरलासुरला गॅस सोडला, मधली नळी काढली आणि ग्राइंडरने माझे डोके गोल कापले. खोटे कशाला बोलू, मी मनातल्या मनात त्याला खूप शिव्या दिल्या. मग त्याने कड कानशीने घासून गुळगुळीत केली, बुडाजवळ भोक पाडून तोटी बसवली आणि शेगडीवर पाणी उकळून पाहिले. तोटी गळली नाही. पठ्ठ्या गॅरेजमध्ये एकटाच नाचला.

२००८च्या डिसेंबरात त्याच्या बायकोचे, निवेदिताचे, बाळंतपण करायला तिची आई लीलावतीबाई नागपूरहून आल्या. आल्या दिवशीच त्यांची नजर माझ्यावर पडली.

"जावईबापू, घरात बाळ येणार आणि हे दारूचं पिंप?"

"आई, ते गॅरेजमध्ये असतं," परीक्षित म्हणाला.

"गॅरेज घरातच आलं ना?"

सासूबाईंपुढे त्याने हात टेकले. फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी मला टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा डेपोत, टाकायचे ठरले. मी दिवस मोजू लागलो.

त्या आठवड्यातल्या सोमवारी बर्फ पडले आणि घरातला गरम पाण्याचा बॉयलर बंद पडला. ईरा तेव्हा नऊ दिवसांची होती.

"इंजिनिअर थर्सडेपर्यंत येऊ शकत नाही म्हणतोय," परीक्षितने फोन ठेवत सांगितले. "स्नोमध्ये व्हॅनच निघत नाहीये."

लीलावतीबाईंचा चेहरा उतरला. तेल लावून, कढत पाण्याने बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचे, यासाठी तर त्या एवढ्या लांब आल्या होत्या. किटलीने पाणी तापवून त्या थकल्या. बादली भरेपर्यंत आधीचे पाणी गार व्हायचे आणि ईरा रडरड रडायची.

शेवटी शाल गुंडाळून बसलेली निवेदिता म्हणाली, "आई, परीक्षितचा केग वापरू या."

"त्यात दारू शिजलीये."

"स्टील आहे गं. घासलं की क्लीन."

खरे तर परीक्षित माझ्यात नुसते जवाचे पाणी उकळायचा. त्याची दारू नंतर दुसऱ्या बादलीत व्हायची. आधीच्या बारा वर्षांबद्दल मात्र मी गप्प बसलो.

लीलावतीबाईंनी पदर खोचला, नागपूरहून आणलेली चिंच भिजवली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून मला घासले. चिंच तांब्या-पितळेला लावतात, स्टीलला नाही. पण त्यांना सांगणार कोण? त्यांच्या बांगड्या माझ्या पोटात वाजत होत्या. इतक्या मायेने मला कधी कोणी घासले नव्हते. मला भरून आले.

परीक्षितने मागच्या अंगणातले बर्फ बाजूला सारून शेगडी पेटवली. अर्ध्या तासात वाफा निघाल्या. लीलावतीबाईंनी तोटी उघडून पाणी बोटांवर घेतले. "चांगलं कढत आहे," एवढेच म्हणाल्या. त्या दिवशी ईरा न्हाली आणि सलग चार तास झोपली. गुरुवारपर्यंत हेच चालले. मग बॉयलर दुरुस्त झाला आणि मी पुन्हा गॅरेजमध्ये गेलो.

शनिवार उजाडला. परीक्षित शब्दाचा पक्का. त्याने मला उचलले आणि गाडीपाशी नेले. तेवढ्यात लीलावतीबाई चपला घालून तशाच बर्फात आल्या.

"कुठे निघालात बंब घेऊन?"

"टिपवर, आई. तुम्हीच म्हणाला होता."

"मी पिंप टाका म्हणाले होते. आत आणा. ईराची आंघोळ व्हायचीये."

"आई, आता बॉयलर चालू आहे."

"असू दे."

बंब हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. उन्हाळ्यात परत जाताना त्या जावयाला म्हणाल्या, "तुमची बिअर करा, पण झाल्यावर घासून ठेवत जा." तो ठेवतो. आता ईरा मला धरून उभी राहते.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायच्या आधी तिला एकदा हात लावून, घासून पाहा. आणि ग्राइंडरच्या वेळी परीक्षितला दिलेल्या शिव्या मी केव्हाच परत घेतल्या आहेत. परीक्षितने माझे डोके कापले नसते, तर लीलावतीबाईंचा हात माझ्या आत पोचला असता का?