न रडण्याची तालीम

कोर्टात वकीलबाईंना सगळे खलबत्ता म्हणत. तोंडावर नाही, कुणाची बिशाद आहे! पण पाठीमागे सर्रास. समोरचा साक्षीदार कितीही कडक असो, बाईंनी अर्धा तास प्रश्न विचारले की त्याची भुकटी. बाईंना हे नाव माहीत होतं आणि, कशाला खोटं बोला, मनातून आवडतही होतं.

शाळेतल्या छळाचे दावे ही बाईंची खासियत. म्हणजे एका पोराला बाकीच्यांनी टोळी करून रडकुंडीला आणायचं, शाळेने कानांवर हात ठेवायचे आणि आईबापांनी बाईंचे उंबरे झिजवायचे. आता यातली गोम ऐका. पोर जे सोसून आलेलं असतं, तेच त्याला पिंजऱ्यात उभं राहून पुन्हा सांगावं लागतं, आणि छळणारे समोर मांडीवर हात ठेवून गरीब गाईसारखे बसलेले असतात. तीन वर्षांपूर्वी बाईंचं एक अशील, सातवीतलं पोर, दहाव्या मिनिटाला ओक्साबोक्शी रडत पिंजऱ्यातून पळालं होतं. साक्ष बाद, दावा पाण्यात. त्या दिवशी बाईंनी कानाला खडा लावला. यापुढे आपला साक्षीदार रडणार नाही म्हणजे नाही. तेव्हापासून त्या प्रत्येक पोराची आधी तालीम घेत.

ही मुलगी नववीतली. बुटकी, किडकिडीत, कातडी इतकी कोरडी की थंडीत हातापायांचे पापुद्रे निघायचे. वर्गातल्या तिघींनी तिचं नाव पाल ठेवलं. पुढे पुढे नाव घ्यायचीही गरज उरली नाही. ती आली की जिभेने नुसतं चुक् चुक्. आधी तिघी, मग दहा जण, मग अख्खा वर्ग. तासाला, मधल्या सुट्टीत, परीक्षेत, स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर. शाळेने चौकशी केली आणि लिहून दिलं की कोणीही कोणताही अपशब्द वापरल्याचे आढळले नाही. अहो, खरंच नव्हता वापरला! जीभ टाळूला लावायला कुठल्या कायद्यात बंदी आहे?

मुलगी तीन महिने घरी बसून होती. वडील नव्हते, आई एका टेलरच्या दुकानात शिलाईचं काम करायची. मायलेकींचं मागणं एवढंच होतं, की त्या तिघींना दुसऱ्या तुकडीत हलवा, म्हणजे पोर शाळेत जाईल. हरलो तर पुन्हा तोच वर्ग, तोच बाक, त्याच तिघी. नाही गेली तर वर्ष बुडालं. आणि पुरावा काय, तर मुलीचा शब्द. बस्स.

"समोरचा वकील गोडबोल्या आहे," पहिल्याच दिवशी बाईंनी तिला सांगितलं. "बाळा बाळा करत केसाने गळा कापतो. तुला रडवलं की त्याचं काम झालं. मग तो म्हणणार, पोरगी हळवी आहे, शिंकलं तरी रडते, शाळेचा काय दोष? म्हणून रडायचं नाही. आणि खोटं बोलायचं नाही. शाळेत जे झालं तेवढंच सांगायचं, एक अक्षर जास्त नाही. कळलं?"

"हो मॅडम."

ऑफिसात मधोमध एक लाकडी खुर्ची होती. खिडकीचा उजेड थेट चेहऱ्यावर पडेल अशी ठेवलेली. मुलीने तिच्यात बसायचं, बाईंनी टेबलापलीकडून विचारायचं. दोन्ही हात गुडघ्यांवर. "हात मला दिसले पाहिजेत. नखं खायची नाहीत, ओढणी पिळायची नाही, केसांना हात लावायचा नाही. जज सगळं बघतो."

मग बाई सुरू व्हायच्या.

"तुझ्याशेजारी कोणी का बसत नाही? वास येतो का तुझा?"

"नाही मॅडम."

"तुला कसं माहीत? स्वतःचा वास स्वतःला येत नाही. अंघोळ करतेस ना? की पापुद्रे आपोआप गळतात म्हणून बरं पडतं? आईने शेवटचं कधी तोंडावरून हात फिरवला? की तिलाही किळस येते?"

पहिल्या दिवशी मुलगी दुसऱ्या मिनिटाला रडली. बाई घड्याळ बघून म्हणाल्या, "दोन मिनिटं. पुन्हा." त्या दिवशी पाच वेळा पुन्हा झालं. शेवटच्या वेळी बाईंनी प्रश्नच विचारला नाही, टेबलावर वाकून नुसतं चुक् चुक् केलं. मुलगी खुर्चीवरून खालीच घसरली.

बाहेर टायपिंग करणारे कारकून काका तीस-बत्तीस वर्षं कोर्ट बघत आले होते. ती गेल्यावर ते आत आले. "मॅडम, लेकरू आहे हो ते."

"म्हणूनच तर. कोर्टात तिला कोण लेकरू म्हणणार आहे?"

दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन वाजता तालीम. दुसऱ्या आठवड्यात मुलगी सात मिनिटं टिकली, चौथ्या आठवड्यात वीस. बाई दर वेळी नवं काहीतरी शोधून काढत, आणि शोधताना त्यांना, सांगायला लाज वाटते, मजा यायला लागली होती. सहाव्या आठवड्यात पाऊण तास झाला तरी पोरीची पापणी हलली नाही. "शाब्बास! तुला आता कोणी हात लावू शकत नाही," बाई म्हणाल्या.

मुलीची आई तर पाया पडायचीच बाकी राहिली होती. "मॅडम, काय जादू केलीत हो! घरीसुद्धा रडत नाही आता. वेणी स्वतःची स्वतः घालते, मला केसांना हात लावू देत नाही. कोर्टासाठी उंच कॉलरचा ड्रेस शिव म्हणाली. मापसुद्धा स्वतःच सांगितलं!"

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ताई," बाई म्हणाल्या आणि समाधानाने चष्मा पुसू लागल्या.

साक्षीच्या दिवशी गोडबोल्याने सगळे डाव टाकून पाहिले. मुलगी उंच कॉलरच्या निळ्या ड्रेसमध्ये ताठ उभी. हात कठड्यावर, नजर समोर. हो, नाही, आठवत नाही, असं झालं होतं. शेवटी तो लाडात येऊन म्हणाला, "बाळा, तो आवाज कसा होता ते आम्हाला करून दाखव ना जरा."

मुलीने करून दाखवला. चुक् चुक्. मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी दोघं हसले. मुलीचा चेहरा होता तसाच. बाईंना वाटलं, उठून टाळी द्यावी गोडबोल्याच्या हातावर. घे लेका!

मग तिघींमधली म्होरकी पिंजऱ्यात आली आणि बाईंनी खलबत्ता काढला. पोरगी सातव्या मिनिटाला फुटली. "मी फक्त गंमत करत होते... आता सगळे मलाच वाईट म्हणतात... मला जेवण जात नाही..." नाक लाल, हुंदके, श्वास लागलेला. जजसाहेबांनी स्वतःच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे पाठवला. "वकीलबाई, जरा सबुरीने," ते म्हणाले. "मूल आहे."

निकाल पंधरा दिवसांनी लागला. बाईंनी तो उभ्यानेच वाचला. "तक्रारदार विद्यार्थिनी संपूर्ण साक्षीत शांत व निर्विकार होती. कथित आवाज तिने स्वतः सहजपणे काढून दाखवला. तिच्या मनावर खोल परिणाम झाल्याचे दिसत नाही. उलट प्रतिवादी विद्यार्थिनीच या प्रकरणाने खचल्याचे न्यायालयाने प्रत्यक्ष पाहिले." दावा फेटाळला होता. मुलीने सोमवारपासून आपल्या मूळ वर्गात हजर व्हायचं.

मुलीची आई कोर्टाच्या जिन्यात मटकन बसली. "पण मॅडम, रडू नको म्हणून तुम्हीच तर सांगितलं होतं."

"अपील करू," बाई म्हणाल्या. अपिलाला वर्ष-दीड वर्ष लागतं, ते त्या बोलल्या नाहीत. मुलगी कठड्याला टेकून उभी होती. ती रडली नाही.

काका फायली गोळा करत होते. "आपण तिला फारच चांगलं शिकवलं, मॅडम," ते म्हणाले. बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी दुपारी मुलगी एकटीच ऑफिसात आली. अंगात शाळेचा गणवेश. न सांगताच खुर्चीत बसली आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

"मॅडम, एकदा तालीम घ्याल?"

"आता कशाला गं? दावा संपला."

"कोर्टासाठी नाही. परवापासून शाळा आहे." ती जरा थांबली. "तुम्ही त्यांच्यापेक्षा चांगलं करता."

बाईंना क्षणभर बरंसुद्धा वाटलं. कौतुक कोणाला नको असतं? त्या टेबलामागे जाऊन बसल्या, घसा साफ केला.

"समोरून नाही, मॅडम. ते मागून करतात. मला पहिल्या बाकावर बसवतात ना, सगळे मागे असतात."

सहा आठवड्यांत बाईंनी हे विचारलंच नव्हतं. त्या उठल्या, खुर्चीमागे गेल्या. त्या मागे आल्याचं कळताच मुलीने सवयीने वेणी पुढे ओढून घेतली. मागून कोणी ओढू नये म्हणून. आज उंच कॉलर नव्हती.

मानेच्या वर, वेणीखाली जिथे केस असायला हवेत, तिथे तळहाताएवढी जागा साफ उघडी होती. केस मुळापासून उपटलेले. मध्ये खपल्या, कडेला ओलं लाल.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बाईंचा हात आधी फोनकडे गेला. फोटो, डॉक्टरचं सर्टिफिकेट, अपील! "अगं, हे आधी का नाही दाखवलंस? जजला एवढं दिसलं असतं तर आपण जिंकलो असतो ना! कधीपासून आहे? कोणत्या तासाला व्हायचं?"

"तुम्ही म्हणाला होतात, शाळेत जे झालं तेवढंच सांगायचं."

"मग?"

"हे शाळेतलं नाही, मॅडम. तेव्हा केस चांगले होते माझे." मुलीचा आवाज साक्षीला होता तसाच होता. "हे इथलं आहे. इथे हात हलवायचा नाही ना. मग घरी गेलं की हात आपोआप केसांत जायचे."

बाहेर काकांचं टायपिंग थांबलं. बाईंनी फोन टेबलावर ठेवला, पालथा.

"बाळा, नको आता हे," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या आईशी बोलते."

"आईला नका सांगू. करा ना, मॅडम. नाही केलं तर मी सोमवारी रडेन."

ती वाट बघत बसली. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग बाईंनी त्या लाल जागेवरून नजर काढली, भिंतीकडे पाहिलं आणि केलं. चुक् चुक्.

मुलगी हलली नाही.

"अजून जोरात," ती म्हणाली. "तिथे छत्तीस जण असतात."