द्वादशीचा आवळा

सुलभाने सहाव्या उंदराचं जठर चिरून दिव्याखाली पसरलं आणि भिंग जवळ नेलं. गुलाबी, गुळगुळीत. एकही लाल डाग नाही.

या गटाला नुसती दुखण्यावरची गोळी दिली होती. चोवीस तासांच्या उपाशी पोटी ती पाण्यातून पाजली की जठरावर व्रण उठतातच. दुसऱ्या गटाला गोळीआधी आवळ्याचा अर्क. तो जठर राखतो, हे दाखवायचं होतं. पण जखमच नाही, तर राखलं काय? सोमवारी हिमायतनगरच्या नव्या औषध कंपनीचे साहेब निकालांचा तक्ता पाहायला येणार होते. पटला तर तीन वर्षांची शिष्यवृत्ती, नाही तर बरकतपुऱ्यात शिकवण्या.

उंदीरखोली अंबाजीच्या ताब्यात. त्याला साधं विचारावं आणि सरळ उत्तर मिळावं, असं नारायणगुड्याच्या त्या कॉलेजात कधी घडलं नव्हतं.

"अंबाजीमामा, सकाळी यांना काही खायला घातलं?"

"बाई, माझा आजा निजामाच्या पागेत होता. तिथली एक घोडी एकादशी धरायची. द्वादशीला आवळा दाखवल्याशिवाय चाऱ्याला तोंड लावायची नाही."

"मी उंदरांचं विचारते."

"तेच सांगायलो." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काल कार्तिकी एकादशी. तुम्ही म्हणालात उपाशी ठेवा, ठेवले. आज द्वादशी. उपास आवळ्यानं सोडायचा असतो. एकेक फोड दिली."

"बाराही जणांना?"

"हौ. दुजाभाव कसा करायचा?"

सुलभा तक्त्याकडे पाहत राहिली. किती डाग पडतात, हे तिला जुन्या नोंदींवरून तोंडपाठ होतं. पेन्सिल पहिल्या चौकोनावर टेकली, तशीच राहिली. मग तिने सगळ्या तक्त्यावर आडवी रेघ ओढली.

"उद्या नवे बारा. पुन्हा उपाशी."

अंबाजीने कमरेची चावी सोडून टेबलावर ठेवली.

"मग ही तुमच्यापाशी असू द्या. माझ्या हाताचा भरवसा नाही."

रविवारी दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"आले का डाग?"

"सहाच्या सहांना. आवळेवाल्यांना प्रत्येकी जेमतेम दोन-तीन."

"म्हणजे साधलं तुमचं."

"साधलं, मामा."

"मग पेढे आणू?"

सुलभाने भिंग उचललं, पहिल्या जठरावरचे डाग मोजू लागली. अकरापर्यंत आली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

"आज नको," ती म्हणाली. "या सहांचा उपास सुटलाच नाही."