मान कललेलं देऊळ

या, असे पुढं सरकून बसा. मागच्यांना सूर ऐकू येतो, पण शब्द हरवतात. आज कॅनडातल्या थॉमसची गोष्ट सांगतो.

थॉमस वसईचा, राहायला रिचमंड हिलला. त्याची बायको शर्ली हॉस्पिटलात अखेरचे दिवस काढत होती. तिचं मागणं एकच. "रविवारी मला आपल्या देवळात न्या हो. गायलेली मिस्सेची उपासना एकदा कानांवर पडू दे, मग देवानं खुशाल न्यावं." डॉक्टरांनी स्ट्रेचरवरून न्यायला हो म्हटलं.

ते देऊळ, वसईकर चर्चला देऊळच म्हणतात, इंग्लंडहून आलेल्या गवंड्यांनी आपल्या खेड्यातलं शेकडो वर्षांचं जुनं चर्च आठवून बांधलेलं. पश्चिमेला ठेंगणा मनोरा, मग लांब सभामंडप, टोकाला वेदीचा अरुंद गाभारा. बाहेरून दगडी टेकू. वर लाकडी छप्पर, जणू पालथा घातलेला मचवा. त्या वर्षी छपरावर बर्फ मनस्वी साचला होता. शर्ली खाली असताना काही झालं तर? थॉमसनं ऑफिसातल्या मिलिंदला बोलावलं. मिलिंद पुण्याचा, इमारती तपासणारा इंजिनिअर.

मिलिंदनं दारापासून वेदीपर्यंत दोरी ताणली आणि त्याचा चेहरा उतरला.

"थॉमस, गाभारा उत्तरेला सरकलाय रे. वरून हा स्नो लोड, एवढा बर्फाचा भार. मी गप्प बसू शकत नाही."

"अरे, रविवारपुरतं तरी..."

"आणि छप्पर वहिनींच्या अंगावर आलं तर?"

मिलिंदनं देवळाच्या फादरना सांगितलं, फादरनी बिशपच्या ऑफिसला. शुक्रवारी दाराला कुलूप लागलं.

थॉमस हॉस्पिटलात गेला. "देऊळ वाकडं झालंय गं. मीच बोलावला त्याला, मीच!"

शर्लीनं डोळे उघडले. ओठ कोरडे, पण थट्टा गेली नव्हती. "खुळे की काय तुम्ही? सभामंडप म्हणजे प्रभूचं अंग आणि गाभारा म्हणजे मस्तक, असं आमचे फादर शिकवायचे. क्रुसावर मान कधी सरळ असते का? खांद्यावर कललेली असते."

मग ते मुद्दामच तसं बांधलं असेल तर? थॉमस तसाच उठला. गाडीतलं फावडं घेतलं आणि गाभाऱ्याच्या भिंतीपाशी छातीएवढा बर्फ शोव्हल करत सुटला. हातमोजे भिजले, बोटं बधिर झाली. खाली जोत्याचे दगड उघडे पडले. भिंत सरकली असती तर जोतं जुन्या जागीच सरळ राहिलं असतं. इथं जोतंही भिंतीबरोबरच वळलेलं, सांधे घट्ट, कुठं तडा नाही.

त्यानं मिलिंदला फोन केला. मिलिंद आला, बर्फात गुडघ्यांवर बसला, दगडांवरून हात फिरवत राहिला.

"हे सरकलेलं नाहीये. बांधलंयच असं." मग एकदम, "मी जोतं न बघता बोललो, थॉमस! आत दोरी ताणली, आणि बाहेर बर्फ म्हणून..."

"आता तेच बिशपच्या ऑफिसला सांग. पाया पडतो तुझ्या."

मिलिंदनं तिथूनच फोन केला. पलीकडून मशीन बोललं: ऑफिस सोमवारी उघडेल. फादरनी सगळीकडे फोन लावून पाहिले. बिशप प्रवासात. आज्ञेशिवाय कुलूप काढायची फादरची हिंमत होईना. थॉमस त्यांच्या दारात बसून रडला, भांडला, शेवटी नुसताच बसून राहिला.

रविवारी मिस्सेच्या वेळेला शर्ली गेली. थॉमस तिच्या कानाशी गात होता. आवाज फुटत होता, चाल सुटत होती. तिनं किती ऐकलं, देव जाणे.

मंगळवारी दार उघडलं. शवपेटी उचलताना मिलिंद लांब, बर्फात उभा होता. थॉमस त्याच्याजवळ गेला. "इथं काय उभा? एक कोपरा तुझा आहे. तिला आत ने."

मिलिंदनं खांदा दिला. पण तो वेदीपर्यंत मान खाली घालून चालला, आणि त्यानंतर थॉमसच्या घरची पायरी चढला नाही. थॉमस अजून बोलावतो.

शर्लीसाठी हात जोडणारे पुष्कळ आहेत, बाबांनो. तुम्ही आज घरी दिवा लावाल तेव्हा मिलिंदची आठवण करा.